आमच्या खेळातला सरळ पाऊस

जांभ्या दगडाचे चिरे मागायला आलेली माणसं मी आयुष्यात भरपूर पाहिली. कुणाला कुंपणाला कमी पडलेले असतात, कुणाला तुळशीवृंदावनाला हवे असतात. पण चित्र काढायला चिरा मागणारी माणसं तोवर पाहिली नव्हती. चौलला आमच्या वाडीच्या फाटकात एका सकाळी तिघं उभी राहिली, दोन मुली आणि एक मुलगा. त्यातली उंच मुलगी म्हणाली, "काकू, तुमच्याकडे जांभ्याचा एखादा चिरा आहे का? चित्र काढून झालं की परत देतो."

मी तेव्हा नुकतीच रिटायर झाले होते. साइट इंजिनियर म्हणून आख्खी उमर अलिबाग, किहीम, नागाव या पट्ट्यात बंगले बांधण्यात गेली. गवंड्यापासून मालकापर्यंत सगळे मला ‘मॅडम’ म्हणायचे, आणि ही कालची पोरं एकदम काकू करून मोकळी. मी म्हटलं, "चिरा आहे, पण तो चित्रात कशाला हवाय ते आधी सांगा." झालं. ओटीवर बसून त्यांनी जे सांगायला सुरुवात केली त्यात दुपारचं जेवण टळून गेलं, आणि संध्याकाळपर्यंत मी त्यांच्या कंपनीत होते.

कंपनी म्हणजे आमच्या शेजारच्या सुपारीच्या गोदामावरच्या दोन खोल्या. उंच मुलगी प्रणाली, उरणची. मुंबईत मोबाइलचे गेम बनवणाऱ्या एका मोठ्या ऑफिसात होती, ते सोडून इथे स्वतःचं दुकान थाटलेलं. दुसरी नाझनीन, इथलीच, रेवदंड्याची. चित्रं तिची. मुलगा अनिकेत, अकोल्याचा, मुंबईतल्या ऑफिसात प्रणालीच्या शेजारी बसायचा. ती निघाली तसा तोही निघाला, कारण त्याने तोवर समुद्र फक्त ऑफिसच्या खिडकीतून बघितला होता. प्रोग्रॅमिंग त्याचं. तिघं मिळून शाळेतल्या मुलांसाठी एक गेम बनवत होती: समुद्राकाठी घर बांधायचं, पण असं की झाडं वाचतील, साहित्य लांबून ओढून आणावं लागणार नाही, घरात पंखा कमी लागेल आणि पावसाळ्यात भिंती कोरड्या राहतील. मुंबईच्या एका शैक्षणिक संस्थेला असा खेळ हवा होता. संस्थेने अजून होकार दिला नव्हता, आधी बनवून दाखवा म्हणाले होते.

यात प्रणालीचं सगळं पणाला लागलेलं होतं, ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. तिचे वडील दत्तूशेठ. घराणं मिठागरवाल्यांचं, पण पोर्ट आल्यावर ते ट्रेलरच्या धंद्यात शिरले आणि चांगले वर आले. मुलीने उरणला यावं आणि ऑफिस सांभाळावं ही त्यांची इच्छा. बरीच वादावादी होऊन बापलेकीत ठरलं होतं की पावसाळा तोंडावर येईपर्यंत तिची मुदत. तोवर हा खेळ कुणी घेतला तर ठीक, नाहीतर चौलच्या खोल्यांना कुलूप आणि प्रणाली ट्रेलरच्या ऑफिसात. ते अधूनमधून फोन करायचे, आणि फोन नेहमी स्पीकरवर असायचा, कारण प्रणालीचे हात कीबोर्डवर. "काय गो, झाला का तुझा खेल खेलून?" एवढंच विचारायचे. प्रेमाने विचारायचे, पण प्रणालीचा चेहरा उतरायचा.

गेम कसा बनतो हे मला काही माहीत नव्हतं. तुम्हालाही नसेल, म्हणून सांगते. आपल्याला पडद्यावर दिसतं ते चित्र. त्याच्या मागे नियम असतात, आणि नियम म्हणजे खरा खेळ. चिरा उचलून भिंतीत ठेवला की काय होतं? नारळ तोडला तर दुपारी खोली किती तापते? खिडकी पश्चिमेला काढली तर? खेळणारा काहीही करू शकतो, आणि तो जे काही करेल त्याला उत्तर आधीच तयार हवं. ही उत्तरं द्यायला मी होते. प्रोजेक्टवर माझ्या नावापुढे ‘सल्लागार’ असं लिहिलं होतं, पण सल्ला मागेपर्यंत वाट बघायचा माझा स्वभाव नाही.

पहिलं भांडण सिमेंटवरून झालं. नाझनीनने सिमेंटच्या गोणीला सुळे काढले होते. लाल डोळे, तोंडातून धूर. चिऱ्याला मात्र गालावर खळी. मी म्हटलं, "हे काय?" प्रणाली म्हणाली, "सिमेंट वाईट ना काकू, पर्यावरणाला." माझं डोकं तडकलं. म्हटलं, "मी जन्मभर सिमेंटचं खाल्लंय. त्याला सुळे लावायचे तर आधी मला लावा. पाण्याची टाकी कशात बांधणार, गुळात?" मग सांगितलं की हा तुमचा गोड चिरा आमच्याकडे उगवत नाही. तो दक्षिणेकडून ट्रक भरून येतो, आणि त्या ट्रकचा धूर कुणाच्या तोंडातून काढणार आहात? इथे काळा दगड आहे, पाडलेल्या जुन्या घरांच्या विटा आहेत, कौलं आहेत. ती परत वापरली तर सगळ्यात उत्तम. सिमेंट लागेल तिथे लागेलच, उगाच जिथे तिथे ओतू नका एवढंच शिकवा. नाझनीन रुसली. दुसऱ्या दिवशी तिने गोणीला साधा, थोडा दमलेला चेहरा काढून आणला, आणि खाली बारीक अक्षरात ‘काकूंची गोणी’ असं लिहिलं. मी ते पुसू दिलं नाही.

मला सांगायला संकोच वाटत नाही, मी त्या खोल्यांत जितकी खूश होते तितकी कुठल्याच साइटवर नव्हते. साइटवर एक भिंत चुकली की ती पाडायला मालकाच्या हातापाया पडावं लागतं. इथे मी म्हणायचे, "ही भिंत उत्तरेला सरकव," आणि अनिकेत ती सरकवायचा. छप्पर उचलायचा, घर फिरवायचा, दुपारचं ऊन आत आणून दाखवायचा. मी पोरासारखी टाळ्या वाजवायचे. आमचे हे म्हणायचे, "रिटायर झाल्यावर माणसं देवाला लागतात, तू गेमला लागलीस." लागले होतेच.

संस्थेच्या मेधा मॅडम मधे एकदा येऊन गेल्या. बाई चांगल्या, हुशार, पण त्यांना खेळात एक गोड प्राणी हवा होता, मुलांशी बोलणारा. नाझनीनने खेकडा काढला. प्लॉटजवळचं खाजण, म्हणजे खाडीकाठची दलदल, भरून टाकलं की खेकडा आपलं बिऱ्हाड उचलून तिरका तिरका चालता होतो आणि गुण कापले जातात. मेधा मॅडमनी मान हलवली. "खेकडा गोड वाटत नाही हो," त्या म्हणाल्या. "ताजा असला की लागतो," नाझनीन म्हणाली. प्रणालीने तिला टेबलाखालून लाथ मारली. खेकडा राहिला.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

आमच्या किनाऱ्यावर घराचा खरा शत्रू वरून पडणारा पाऊस नाही. वरच्या पावसाला कौलं बसली आहेत. खरा शत्रू म्हणजे झड. समुद्रावरून वारा सुटतो आणि पाऊस आडवा होऊन भिंतीवर येतो, खिडकीतून आत येतो, ओटीवर झोपलेल्या माणसाला उठवतो. म्हणून जुनी माणसं छपराची वळचण भिंतीच्या चांगली पुढे काढायची, पश्चिमेला पडवी ठेवायची, आणि मे महिन्यात नारळाच्या झावळ्यांची झापं विणून पश्चिमेच्या भिंतीला बांधायची. यात काही थोर शास्त्र नाही, पण माझी नोकरी यातच गेली. मुंबईचे मालक म्हणायचे, "मॅडम, ते छप्पर एवढं पुढे नको, फोटोत बंगला दबका दिसतो." मी भांडायचे, हरायचे. किहीमला एकांनी समुद्राकडची आख्खी भिंत काचेची करून घेतली. श्रावणात त्यांचा फोन, "मॅडम, हॉलमध्ये गळतंय." गळत नव्हतं, झड येत होती. त्यांना मी ते किती वेळा समजावलं, शेवटी हात टेकले. असे किती बंगले माझ्या हातून उभे राहिले, त्यांच्यावरून गेले की अजून मान दुसरीकडे वळवते. हा खेळ हातात आला तेव्हा वाटलं, मालकांनी ऐकलं नाही, निदान त्यांची पोरं तरी ऐकतील. म्हणून खेळाच्या आराखड्यात मी पहिल्याच पानावर लिहिलं: ‘झडीचा विचार करून घर बांधणे हा या खेळाचा गाभा.’

अनिकेतने ते वाचलं. मला विचारलंही, "काकू, झड किती लावू?"

"भरपूर लाव," मी म्हटलं. "झडीशिवाय मजा नाही."

"तेच म्हणतो मी. झड पाहिजेच ना बाप्पा."

दोघांचं एकमत झालं. नंतर कित्येक आठवडे आम्ही झडीबद्दल बोलत होतो. तो म्हणायचा झड मस्त झाली आहे, मी म्हणायचे वा. मी गेम चालवून बघायचे तो माझ्या भिंतींसाठी, उन्हासाठी. पावसाचा भाग तयार होत होता, आणि माझी सगळी शक्ती त्याच्या आवाजात गेली होती. कौलावरचा पाऊस वेगळा वाजतो, पत्र्यावरचा वेगळा. ऐन उन्हाळ्यात मी स्टुलावर उभी राहून आमच्याच छपरावर पाइपने पाणी मारत होते, खाली अनिकेत माइक धरून. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "काय हो, कौलं गळतायत का?" मी म्हटलं, "नाही, गातायत." त्या आत निघून गेल्या.

मग किहीमच्या शाळेत पहिली चाचणी झाली. गेम बनवणाऱ्यांची ही रीत असते. खेळ पूर्ण होण्याआधी खऱ्या मुलांच्या हातात द्यायचा आणि आपण तोंड मिटून मागे उभं राहायचं. तोंड मिटून उभं राहणं मला किती जड गेलं ते मलाच माहीत. सुट्टीत मुद्दाम बोलावलेला सातवीचा वर्ग, शाळेचेच जुने टॅब, प्रत्येकाने घर बांधलं आणि ‘पाऊस’ लिहिलेलं बटण दाबलं. चार महिने पडद्यावर भराभर सरकले. शेवटी प्रत्येकाच्या टॅबवर हिरवी अक्षरं: ‘घर कोरडं आहे. शाब्बास.’ वर्गात नुसता जल्लोष. अनिकेत खूश, प्रणाली खूश, नाझनीन पोरांबरोबर नाचतेय.

मी एकेक टॅब बघत गेले. पोरांनी काय बांधलं होतं? खोकी. सपाट डोक्याची, वळचण नसलेली, पश्चिमेला ही मोठी काच. पडवी कुणालाच नाही. एक मुलगी मला समजावत होती, "पडवीला दगड जास्त लागतात, आणि तिचा उपयोग काहीच नाही." खोकं बांधलं की साहित्य वाचतं, गुण वाढतात, हे पोरांनी बरोबर हेरलं होतं. म्हणजे जे घर मला जन्मभर बांधायचं नव्हतं, तेच बांधायला आम्ही त्यांना शिकवत होतो, आणि वर शाब्बासकी देत होतो.

मी एका टॅबवर पाऊस नीट बघितला. सरळ. वरून खाली, नळ सोडल्यासारखा.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी अनिकेतला विचारलं, "झड कुठाय?"

"आहे ना काकू. सात दिवस लावली. तुम्ही भरपूर म्हणाल्या म्हणून श्रावणात अजून एकदा लावली."

"सात दिवस काय लावली?"

"झड."

"अरे, पण तिरकी कुठाय?"

"झड तिरकी काऊन असंल?" त्याने मलाच विचारलं. मग हळूहळू उलगडा झाला. अकोल्याकडे झड लागली म्हणजे पाऊस दिवसेंदिवस थांबतच नाही. सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, शाळेला सुट्टी, घरात भजी. त्याने ती झड अगदी मन लावून बनवली होती. आकाशाचा रंग हळूहळू राखाडी होत जातो, चिमण्या गप्प होतात. त्याच्या गावचा पाऊस त्याने आमच्या समुद्राकाठी आणून ओतला होता, आणि दोघंही इतके दिवस एकच शब्द बोलून एकमेकांना माना डोलावत होतो. भाषा एकच, राज्य एकच, मधे फक्त सह्याद्री. प्रणालीला आधी हसू आवरेना. मग तिने मोबाइलवर तारीख बघितली आणि ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली. पुढच्या आठवड्यात मेधा मॅडम याच शाळेत, याच वर्गासमोर शेवटचं बघायला येणार होत्या. त्याच दिवशी दत्तूशेठही येणार होते, मुलीला न्यायला किंवा इथेच ठेवून जायला, ते त्या दिवसावर होतं.

"पाऊस तिरका करायला किती वेळ लागतो?" मी विचारलं. मला वाटलं भिंत सरकवण्यासारखंच असेल.

अनिकेतने समजावून सांगितलं. सरळ पावसात संगणकाला एकच प्रश्न पडतो, डोक्यावर छप्पर आहे की नाही. पाऊस तिरका झाला की प्रत्येक थेंब कुठून येतो, कुठल्या भिंतीवर आपटतो, मधे झाड आहे का, खिडकी उघडी आहे का, हे प्रत्येक थेंबाला विचारावं लागतं. त्याने तसं करून बघितलं. शाळेचा एक टॅब आम्ही मागून आणला होता, तो तापून बंदच पडला. दोन दिवस अनिकेत खुर्चीतून हलला नाही. प्रणालीने फोन स्पीकरवर टाकणं बंद केलं. नाझनीन म्हणाली, "राहू दे ना सरळ, मॅडमना काय कळतंय." ती जे म्हणाली ते सगळ्यांच्या मनात येऊन गेलं होतं. माझ्याही.

तिसऱ्या सकाळी अनिकेत आमच्याकडे चहाला आला. तोंड एवढंसं. मी म्हटलं, "तू थेंबाथेंबाच्या मागे कशाला लागतोस? आम्ही साइटवर थेंब मोजत नाही." त्याला उठवून पश्चिमेच्या भिंतीपाशी नेलं. आमची भिंत चुन्याची, आणि तिच्यावर दरवर्षीच्या ओलीचा डाग आहे. खाली काळपट, वर पांढरी, मधे चांगली स्पष्ट रेघ. मी गवंड्याची लाइनदोरी काढली. एक टोक वळचणीच्या कडेला बांधलं, दुसरं त्या डागाच्या रेघेवर टेकवलं. दोरी तिरकी ताणली गेली. म्हटलं, "ही झड. दोरीच्या वरची भिंत कोरडी, खालची ओली. वारा वाढला की दोरी अजून आडवी होते आणि ओल वर चढते. वळचण पुढे काढली की ओल खाली उतरते. मालकाला छप्पर किती पुढे हवं ते मी असंच दाखवायचे."

अनिकेत त्या दोरीकडे बघत उभा राहिला. चहा हातात तसाच.

"काकू," तो म्हणाला, "हे तं एक रेघ आहे."

"मग?"

"मग काही नाही. एक रेघ काढायला काय लागते." आणि कप माझ्या हातात देऊन तो गोदामाकडे पळत सुटला. दोरी सोडवून घेऊन गेला.

त्या दिवशी दुपारी आमच्या खेळात पहिल्यांदा तिरका पाऊस पडला. दिसायला थेंब होते, पण ती नुसती शोभा. हिशोब सगळा त्या एका रेघेचा. अनिकेतने वारा वाढवला, रेघ आडवी झाली, आणि नाझनीनने हौसेने सजवलेल्या घराच्या भिंतीवर ओल सरसर चढायला लागली. "या अल्ला, माझे पडदे," ती ओरडली. मग तिने घाईघाईने पश्चिमेला झापं बांधली. रेघ झापांवर अडली. ओल थांबली. आम्ही चौघंही खुर्च्यांतून उठलो होतो. प्रणालीने मला मिठी मारली आणि मीही मारून घेतली, मला असलं काही जमत नाही तरी. सगळ्यात गंमत म्हणजे इतके महिने जे जे म्हणून बनवलं होतं, पडवी, वळचण, झापं, पश्चिमेचा नारळ, ते एका दुपारीत कामाला लागलं. तोवर ते नुसतं सजावटीचं सामान होतं. मी घरी आले ते गाणं म्हणत. ह्यांनी विचारलं, "लॉटरी लागली?" म्हटलं, "झड लागली."

शेवटच्या दिवशी शाळेत आम्ही वेळेआधी पोचलो. मेधा मॅडम आल्या. थोड्या वेळाने पांढऱ्या गाडीतून दत्तूशेठ आले. कडक इस्त्री, बोटात अंगठ्या. वर्गात मागे बाकावर बसले आणि तो त्यांना पुरेना. एक टॅब जास्तीचा होता, नाझनीनने तो सरळ त्यांच्या हातात दिला. "खेळून बघा काका." त्यांनी प्रणालीकडे बघितलं, मग चष्मा लावला.

पोरं गेल्या वेळची खोकी बांधायला बसली, कारण ती युक्ती त्यांना पाठ होती. बटण दाबलं. आकाश काळवंडलं, समुद्राकडून वारा आला आणि पाऊस आडवा होऊन काचांवर आपटला. भिंतींवर ओल चढली, खोल्यांत पाणी आलं, आणि एकेका टॅबवर अक्षरं उमटली: ‘घर ओलं आहे.’ आख्खा वर्ग हरला. मागच्या बाकावरून दत्तूशेठचा आवाज आला, "ए, माझे हॉलान पानी कसा आला?" उरणच्या त्यांच्या नव्या बंगल्यासारखाच बंगला त्यांनी बांधला होता, समोरून सगळा काचेचा. कुणीतरी फिस्सकन हसलं. त्यांनी लक्ष दिलं नाही, पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतलं.

पोरांचंही तेच. कुणी विचारायला थांबलं नाही. खिडकी इकडे, पडवी तिकडे, "अरे छप्पर पुढे काढ", "झापं बांध, झापं", नुसता गोंधळ. गेल्या वेळी पडवीला नावं ठेवणारी मुलगी पश्चिमेला पडवी काढत बसली होती. मला तिथेच नाचावंसं वाटत होतं.

पण मेधा मॅडमचा चेहरा गंभीर होता. त्यांनी आम्हाला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. चित्रं आवडली, विषय आवडला, अगदी खेकडासुद्धा. "पण पहिल्याच डावात सगळी मुलं हरली," त्या म्हणाल्या. "आमचं धोरण आहे, मुलांचा हुरूप जाऊ द्यायचा नाही. मागच्या चाचणीत सगळी जिंकली होती असं कळलं मला. तो पाऊसच ठेवा ना. तो ठेवलात तर मी आजच होकार देऊन जाते."

मी तोंड उघडणार होते. आयुष्यात पहिल्यांदा मी ते आपणहून मिटलं, कारण कंपनी प्रणालीची होती आणि खुर्चीही तिचीच जाणार होती. इतकी वर्षं मालकांनी छप्पर कापायला सांगितलं की दोन शब्द भांडून मी शेवटी कापायचे, कारण काम हातचं जाऊ द्यायचं नसतं. ही काय करते ते मला बघायचं होतं.

प्रणाली म्हणाली, "नाही मॅडम. तो पाऊस आमच्याकडे पडतच नाही."

"तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणते?"

"कळतंय. मुलं हरली, ते मला दिसलं. पण बघा ना, एकानेही टॅब खाली ठेवलेला नाही. सरळ पाऊस ठेवला तर ती जिंकतील आणि चुकीचं घर बांधायला शिकतील. तसा खेळ मी नाही देणार."

मेधा मॅडमनी वर्गाकडे बघितलं. मग "कळवते" म्हणून गेल्या. संस्थेचा होकार पुढे आला, झडीसकट आला, आणि आता तो खेळ किनाऱ्यावरच्या बऱ्याच शाळांत आहे. पण ते पुढे. त्या क्षणी आमच्या हातात फक्त ‘कळवते’ होतं, आणि आमच्याकडे ‘कळवते’चा अर्थ सगळ्यांना माहीत असतो.

दत्तूशेठ दारात उभे होते. टॅब हातातच होता. किती ऐकलं होतं कोण जाणे. ते गाडीकडे चालायला लागले तशी प्रणाली त्यांच्या मागोमाग गेली. मीही गेले, कारण तिला एकटीला सोडवेना. गाडीपाशी ते वळले.

"त्या बाईला तू तोंडावर न्हाय सांगलंस?"

"हो पप्पा."

"काम हातचा गेला तरी?"

"गेलं तरी," प्रणाली म्हणाली. मान वर होती. "आपलं ठरलंय तसं मी येते ऑफिसात. सामान भरायला दोन दिवस द्या."

दत्तूशेठनी चष्मा काढून खिशात ठेवला. टॅब माझ्या हातात दिला.

"नको," ते म्हणाले. "हापिसान येव नको तू. रोज एक गिऱ्हाईक घालवशील माझा. तू आपली हितंच ऱ्हा."

मग ते गाडीत बसले आणि एकटेच उरणला परत गेले.